टिपणे: अट, आकृती आणि मधली लिंक

१. सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळात एक आकडा असतो: फेरफार क्रमांक. तो घेऊन गाव नमुना सहा उघडला की जमीन कशी आली ते कळतं. वारसाने, खरेदीने, वाटणीने. नोंद तलाठी घेतो. मंडळ अधिकारी तपासून प्रमाणित करतो.

२. सिम्युलिंक या ब्लॉकच्या आकृत्यांतून मॉडेल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही असंच: ब्लॉकला रिक्वायरमेंटची, म्हणजे अटीची, लिंक देतात. हा ब्लॉक इथे का, याचं उत्तर तिथे. लिंका सहसा मॉडेलच्या फाइलीत नसतात, शेजारच्या वेगळ्या फाइलीत असतात. मॉडेल मेल केलं आणि ती फाइल मागे राहिली, तर समोरच्याला आकृती मिळते, कारणं मिळत नाहीत.

३. ४ जून १९९६. एरियन ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण. एरियन ४ साठी लिहिलेलं एक गणित उड्डाणानंतरही काही सेकंद चालू राहायचं. नव्या रॉकेटला त्या वेळी त्याची गरज नव्हती, म्हणजे मागे अट उरली नव्हती, तरी ते तसंच ठेवलं. त्यातला ६४ बिटांचा एक आकडा १६ बिटांत मावला नाही. सुमारे ४० सेकंदांत रॉकेट फुटलं.

४. २३ सप्टेंबर १९९९. मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे मंगळावरचं यान हरवलं. इथे उलट: न्यूटन-सेकंदात आकडे द्या, ही अट लेखी होती. आकडे देणाऱ्या प्रोग्रामने ते पाउंड-सेकंदात दिले.

५. लातूरचा कोच कारखाना. वंदे भारत स्लीपरचा करार १२० गाड्यांचा, प्रत्येकी १६ डबे. पुढे २४ डब्यांच्या गाडीचा विचार झाला, स्वच्छतागृहं आणि पॅन्ट्रीचे प्रश्न आले. एकूण डबे तेच, १९२०; गाड्या मात्र ८०. ब्रेक, दारं, वीज, गाडीतलं नेटवर्क: यातलं काय काय सोळाच्या गृहीतावर उभं आहे? लिंक असेल तर यादी निघते. नसेल तर जुन्या माणसांना आठवावं लागतं, आणि ती माणसं तोवर दुसऱ्या नोकरीत असतात.

६. पण लिंक म्हणजे काम झालं असं नाही. लिंक दिली की सिम्युलिंकच्या टूलमध्ये अंमलबजावणीचा रकाना भरतो. ब्लॉक आतून रिकामा असला तरी.

७. रिक्वायरमेंट बदलली की टूल लिंकवर खूण करतं: पुन्हा पाहा. पाहिल्यावर शेरा लिहून ती खूण काढायची. पण सगळ्या खुणा एकदम काढायचीही सोय आहे, आणि डेडलाइनच्या आठवड्यात तीच वापरली जाते. शेऱ्याची जागा कोरी. मला याची खरंच भीती वाटते.

८. रिव्ह्यूला दोन याद्या मागाव्यात. ब्लॉक न मिळालेल्या रिक्वायरमेंट, आणि रिक्वायरमेंट नसलेले ब्लॉक. दुसरी फारसं कुणी मागत नाही.