कुवतीपलीकडचे पाणी

वकिली पेशाच्या माणसाला व्याख्या चघळण्याची खोड असते. २००५ सालचा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम आम्ही प्रथम वाचला तो या खोडीपायीच, आणि ‘आपत्ती’ या शब्दाच्या व्याख्येपाशी थबकलो. नैसर्गिक वा मानवनिर्मित कारणाने झालेली प्राणहानी, वित्तहानी हे सारे तेथे यथासांग आहे. परंतु व्याख्या पुरी होते ती एका विलक्षण अटीने. ते संकट त्या भागातील समाजाच्या तोंड देण्याच्या कुवतीपलीकडचे असावे लागते. म्हणजे पाणी किती आले हा प्रश्न अर्धाच झाला. ते कोणाच्या दारात आले, हा उरलेला अर्धा.

निपाणी-चिकोडीकडील माणसाला ही व्याख्या कोणी शिकवावी लागत नाही. पाटगावच्या धरणाखालून वेदगंगा आणि काळम्मावाडीच्या धरणाखालून दूधगंगा उतरते. दोघी कोल्हापूर जिल्ह्यातून आमच्याकडे येतात, एक होतात आणि कृष्णेला मिळतात. पाऊस लागला की जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज हे बंधारे पाण्याखाली जातात. मलिकवाड-दत्तवाडचा पूलही जातो; त्याचे एक टोक कर्नाटकात, दुसरे महाराष्ट्रात. याला येथे कोणी आपत्ती म्हणत नाही. चार कोसांचा वळसा पडतो, एवढेच. नृसिंहवाडीस तर पाणी उत्तरद्वाराने शिरून दक्षिणद्वाराने बाहेर पडले की लोक त्या प्रवाहात स्नान करून पुण्य जोडतात. ज्या समाजाने पुराचाही सोहळा केला, त्याची कुवत लहान म्हणता येणार नाही.

तीच कुवत ऑगस्ट २०१९ मध्ये अपुरी पडली. यमगर्णीजवळ पुणे-बेंगळूर महामार्गावर वेदगंगा चढली आणि मोटारींची रहदारी थांबली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच घडले.

अशा वेळी दोष कोणाचा, हा वाद निघतोच. १८६८ साली इंग्लंडच्या उमराव सभेने रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात निर्णय दिला. गिरणीमालकाने बांधलेल्या तलावाचे पाणी शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरले होते. आपल्या जमिनीत घातक वस्तू साठवणाऱ्याने ती सुटल्यास भरपाई द्यावी, असे ठरले. त्याला ‘दैवी कोपा’चा अपवाद मात्र राहिला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली, दिल्लीतील वायुगळतीच्या प्रकरणात, घातक उद्योगांपुरता तोही अपवाद काढून टाकला. पण धरणाखालच्या पुरात पाऊस आभाळाचा असतो आणि दरवाजा माणसाचा. राधानगरीचे दरवाजे तर आपोआपच उघडतात. अलमट्टीच्या फुगवट्याविषयी आजही हमरीतुमरी होते. महाराष्ट्र सरकारनेच नेमलेल्या वडनेरे समितीने २०१९ च्या महापुराचे खापर अलमट्टीवर फोडले नाही, तरी ती थांबलेली नाही.

आम्हांला या वादाचे वावडे नाही. आमची चूल त्यावरच पेटते. परंतु ‘दोष कोणाचा’ हा प्रश्न पाणी ओसरल्यावरचा आहे. पाणी चढत असता माणूस विचारतो, ‘किती वाजता?’ त्याला उत्तर मिळते ते अमुक हजार क्युसेकच्या भाषेत. क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट पाणी, हे कळूनही म्हैस केव्हा सोडावी ते कळत नाही. शिवाय दरवाजा एका जिल्हाधिकाऱ्याच्या हद्दीत आणि पाणी दुसऱ्याच्या. कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला आपले प्राधिकरण दिले आहे. पण नदीला दोन्ही प्राधिकरणे लागतात. सीमेचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला आणि तारखा पडत राहिल्या. पाणी मात्र पुढची तारीख मागत नाही. गोमंतकातील वाचकांनाही हे परके वाटू नये. तिळारीचे धरण दोडामार्गात आहे आणि त्याखालचे पाणी शापोरा होऊन त्यांच्याच दारावरून जाते.

२०१९ च्या पुरानंतर नदीकाठचे एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले. कर्नाटकात पूर्ण पडलेल्या घराला पाच लाख रुपये मंजूर झाले होते, आणि पडझडीच्या प्रमाणात अ, ब, क असे वर्ग पाडले होते. यांचे घर मातीच्या भिंतींचे. पंचनाम्याच्या दिवशी भिंती उभ्या होत्या, म्हणून खालचा वर्ग लागला. पुढे ऊन पडले, भिजलेली माती वाळून तडकली आणि घर बसले. हातातील कानडी कागद आमच्यापुढे ठेवून ते म्हणाले, “वकीलसाहेब, घर पाण्यानं पडलं की उन्हानं, एवढं यातनं वाचून सांगा.” कागदात त्याचे उत्तर नव्हते. फेरपंचनाम्याचा अर्ज आम्ही लिहिला. वर्ग बदलला, पण त्याला दुसरा पावसाळा उजाडला.

एवढ्यावरून आम्हांला वाटते ते असे. कुवत वाढवणे म्हणजे केवळ होड्या आणि जवानांची पथके नव्हेत. कोणत्या धरणातून किती पाणी सुटले की किती तासांनी ते आपल्या शाळेच्या कितव्या पायरीला लागते, हे प्रत्येक काठच्या गावात भिंतीवर लिहिलेले असावे, मराठीत आणि कानडीत. मातीच्या घराचा पंचनामा ती भिंत वाळल्यावर पुन्हा एकदा व्हावा. आणि धरणावरचा निरोप राज्याच्या राजधानीला वळसा न घालता थेट खालच्या गावच्या तलाठ्यापर्यंत पोचावा. यासाठी सीमेचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागत नाही. दत्तवाडच्या माणसाने मलिकवाडच्या माणसाला फोन करण्यास कोणत्याही कलमाची आडकाठी नाही, तो करतोही. सरकारांनी त्याचे एवढे अनुकरण केले तरी पुष्कळ झाले.