रणांगणावरील बालमित्र

ज्याच्या शेजारीं बसून आपण पाढे घोकले, तो मित्र रणभूमीवर गेला म्हणजे वर्तमानपत्र वाचण्याची आपली रीतच पालटते. १९९९ सालीं कारगिलचें युद्ध चालू असतां मला हा अनुभव आला. माझा बालमित्र त्या वेळीं त्या आघाडीवर होता. ता. १३ जूनला तोलोलिंग व ता. ४ जुलैला टायगर हिल हीं शिखरें आपल्या सैन्यानें जिंकलीं. सारा गांव आनंदला. मी मात्र प्रथम मृतांचीं नांवें वाचीत असें. त्यांत त्याचें नांव नाहीं असें पाहून निःश्वास टाकावा, तोंच मनांत येई, कीं ज्यांचीं नांवें येथें आहेत, त्यांचेही कोणी बालमित्र असतीलच!

त्याच्या पत्रावर '५६ ए. पी. ओ.' एवढाच पत्ता. गांव नाहीं, डोंगर नाहीं. पत्र हातीं येईपर्यंत त्यांतील खुशाली शिळी झालेली असे. अखेर त्याच्या आईनेंच मला मार्ग दाखविला. ती म्हणाली, "अरे, आपलें भय त्याला कशाला कळवावयाचें? पाऊस कसा पडला, गाय व्याली कीं नाहीं, तें लिही." तसें मी लिहीत गेलों. रात्रीं प्रार्थनेंत त्याचें नांव घेई, आणि त्या अनोळखी नांवांचेंही स्मरण करी.

ता. २६ जुलैला युद्ध संपलें. आपले ५२७ वीर धारातीर्थीं पडले. माझा मित्र परतला. बालमित्रांनो, ज्यांचे परतले नाहींत त्यांचें दुःख आपलें मानावें, हेंच त्या दिवसांनीं मला शिकविलें.