विहिरीची मोटार आणि घरातला अंधार

अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खेड्यांत विजेचे खांब उभे राहिले त्यामागचा मुख्य हेतू विहिरीवरचा पंप हा होता. घरातला दिवा त्या तारेवर पाहुण्यासारखा आला, आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षे तो केव्हा लागायचा व केव्हा विझायचा हे बहुतेक वेळा त्या पंपानेच ठरवले. १९७०च्या आसपास जन्मलेल्या पिढीच्या आयुष्यातील वीज जाण्याच्या आठवणी नीट उलगडून पाहिल्या, तर त्यांच्या मुळाशी हे घर आणि विहीर यांचे एकाच तारेवरचे नाते सापडते.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले आणि १९६९ मध्ये केंद्राने ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ उभारले, तेव्हा दुष्काळाशी झुंजणाऱ्या या पर्जन्यछायेच्या प्रदेशात भूजल उपसणे हाच शेतीचा आधार मानला जात होता. महामंडळाने देशात प्रयोगादाखल ज्या पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था निवडल्या, त्यांतील एक श्रीरामपूरची मुळा-प्रवरा विद्युत सहकारी संस्था होती. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याने ज्या भागाला सहकाराची सवय लावली होती, त्याच भागात, म्हणजे श्रीरामपूर, राहुरी आणि शेजारच्या तालुक्यांतील काही गावांत, विजेचा ग्राहक हा संस्थेचा सभासदही झाला आणि वायरमन हा सरकारी माणूस न राहता आपल्या संस्थेचा माणूस झाला. मात्र संस्था वीज तयार करत नव्हती, ती मंडळाकडून घाऊक घेऊन वाटत होती, त्यामुळे वरून येणारा तुटवडा अडवणे तिच्या हातात नव्हते. २०११ मध्ये तिचा परवाना संपला आणि तो भाग महावितरण या राज्याच्या वीज वितरण कंपनीकडे गेला.

या पिढीच्या बालपणी वीज जाण्याला वेळापत्रक नव्हते. वळवाचा पाऊस आला, वाऱ्याने तारा एकमेकींना घासल्या किंवा डीपी जळाली (रोहित्राला जिल्ह्यात सगळे डीपीच म्हणतात) की लाईट जाई, आणि जळालेली डीपी बदलून येईपर्यंत आठवडाही लोटे. त्यामुळे वीज आलेल्या घरातही कंदील माळ्यावर गेला नाही. सायंकाळी त्याची काच राखेने पुसून लख्ख करणे, वातीची काजळी कापणे आणि रेशनवर मिळालेले रॉकेल महिनाभर पुरवणे ही कामे चालू राहिली आणि ती बहुतेक घरांत मुलींच्या व सुनांच्या वाट्याला आली. ओगलेवाडीच्या काच कारखान्याचा प्रभाकर कंदील ज्यांच्या घरी होता, त्यांना त्याचे नाव आजही आठवते. स्वयंपाकघरात मात्र कंदीलही क्वचितच असे. तिथे बाटलीच्या झाकणाला भोक पाडून वात ओवलेली चिमणी जळे, आणि तिच्या धुरात भाकरी थापणाऱ्या बाईच्या डोळ्यांचा हिशेब विद्युतीकरणाच्या कोणत्याही अहवालात शोधायला जाऊ नये. १९८७ पासून रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण आणि पुढे महाभारत सुरू झाले, तेव्हा ट्रॅक्टरची बॅटरी काढून कृष्णधवल संचाला जोडण्याची युक्ती गावोगाव पसरली, कारण तसे अनेक संच बारा व्होल्टवरही चालत.

नंतरच्या वर्षांत वीज जाणे हे अपघाताचे काम राहिले नाही, ते नियोजनाचे झाले. कृषिपंपांना सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मीटरऐवजी अश्वशक्तीनुसार ठरावीक आकार लागू झाला, आणि जास्त वेळ पंप चालवला तरी बिल तेवढेच येणार म्हटल्यावर स्टार्टरला ‘ऑटो’ बसवून मोटार चालू स्थितीत ठेवण्याची पद्धत रूढ झाली, म्हणजे लाईट येताच मोटार आपोआप सुरू होई. एकाच क्षणी शेकडो मोटारी सुरू झाल्या की दाब कोसळे, घरातला बल्ब तांबूस तारेपुरता उरे आणि ट्यूब नुसतीच फडफडे. यावर काढलेला उपाय म्हणजे सिंगल फेजिंग : पंपाच्या मोटारीला तिन्ही फेज लागतात, घरातील दिव्यांना एक पुरते, तेव्हा उपकेंद्रातून ठरावीक वेळी अपुऱ्या फेज सोडायच्या, जेणेकरून गावात उजेड राहील आणि पंप बंद पडतील. शेतकऱ्याने त्यावर कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटार फिरवण्याचा तोडगा काढला, त्यात मोटारी जळाल्या, डीपी जळाल्या आणि गाव पुन्हा अंधारात गेले. याला नुसती चोरी किंवा बेशिस्त म्हणणे अन्यायाचे आहे. हातातोंडाशी आलेला गहू समोर सुकत असताना विहिरीत पाणी आणि तारेत अर्धी वीज असेल, तर माणूस ती अर्धी वीज वापरणारच.

२००० नंतरचा काळ या सगळ्याहून कठीण ठरला. दाभोळ प्रकल्पाचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू होऊन २००१ मध्ये बंद पडला, नवी निर्मिती मागणीच्या मागे राहिली, आणि २००५ मध्ये मंडळाचे निर्मिती, पारेषण व वितरण अशा कंपन्यांत विभाजन झाले त्या सुमारास भारनियमन हा राज्याचा नित्यक्रम झाला. जाळ्यातील विजेची वारंवारिता सेकंदाला ५० आवर्तनांच्या जवळ राखावी लागते. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की ती घसरते, आणि फार घसरली तर जनित्रे एकापाठोपाठ बंद पडून सगळेच जाळे कोसळते, म्हणून काही भागांचा पुरवठा आधीच तोडणे भाग असते. कोणता भाग तोडायचा, हा प्रश्न मात्र यंत्रशास्त्राचा नव्हता. मुंबईचे दिवे लागलेले राहिले, खेड्यांचा दिवसातील निम्म्याहून अधिक वेळ विजेविना गेला, आणि पुढे वाहिनीवरील गळती व थकबाकी पाहून गट पाडले गेले, तेव्हा वेळेवर बिल भरणारे घरही शेजाऱ्याच्या थकबाकीपोटी अंधारात बसले.

याच काळात ही पिढी संसारात होती, आणि घराचे घड्याळ लाईटच्या पाळीवर लावले गेले. दळण गिरणीत केव्हा न्यायचे, मिक्सरवर वाटण केव्हा करायचे, टाकी केव्हा भरायची आणि मोबाईल कोणाच्या दुकानात चार्ज करायचा, हे वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या तक्त्यावरून ठरे. दहावी-बारावीची मुले पहाटेच्या पाळीत अभ्यास उरकत. नगर शहराची अडचण वेगळी होती. मुळा धरणाचे पाणी मुळानगर व विळद येथील पंपांनी उपसून आणावे लागत असल्याने तिथली वीज गेली की शहराचे नळ कोरडे पडत. निजामशाहीत याच शहराला आसपासच्या गावांतून खापरी नळांनी, केवळ उताराच्या बळावर पाणी येत असे, ही गोष्ट त्या दिवसांत जाणत्या नगरकरांना वारंवार आठवली असेल.

जिल्हा स्वतः वीज देत नव्हता असेही नाही. गळीत हंगामात साखर कारखाने स्वतःच्या वाफेवर वीज तयार करत आणि चहूकडे अंधार असताना कारखान्याची वसाहत उजळलेली दिसे. अकोले तालुक्यात घाटघर येथे २००८ मध्ये २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प सुरू झाला. मागणी कमी असताना खालच्या धरणातील पाणी वर चढवायचे आणि सायंकाळी मागणी शिगेला पोचली की ते खाली सोडून वीज निर्माण करायची, अशी त्याची रचना आहे. राज्याच्या सायंकाळची गरज भागवणारे हे यंत्र ज्या तालुक्यात उभे राहिले, त्याच तालुक्यातील वाड्या सायंकाळी चिमणी लावत होत्या.

घर आणि विहीर यांची फारकत अखेर गावठाणाच्या वाहिन्या शेतीच्या वाहिन्यांपासून वेगळ्या केल्याने झाली. त्याआधी अक्षय प्रकाश योजनेत सायंकाळी पंप बंद ठेवण्याचे ठरवणाऱ्या गावांना घरगुती वीज अखंड मिळू लागली होती, आणि ते ठराव पाळून घेण्यासाठी गावातील माणसे स्वतः शिवारात फिरली, हे सहकाराच्या जिल्ह्याला साजेसेच झाले. २०१२च्या अखेरीपर्यंत बऱ्याच भागांतील घरगुती भारनियमन संपले.

शेतातले मात्र संपले नाही. कृषिवाहिनीला आठवड्यातील काही दिवस दिवसा आणि उरलेले दिवस रात्री वीज, ही पाळी चालू राहिली, आणि रात्री दारे धरणे, म्हणजे सरीमागून सरीत पाणी वळवत चिखलात उभे राहणे, हे शेतकऱ्याच्या नशिबी तसेच उरले. साप आणि उघड्या तारा यांच्या जोडीला संगमनेर, अकोले, राहुरीच्या उसात बिबट्या आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अकोले परिसरातील अभ्यासाने तर तो जंगलातून वाट चुकून आलेला नसून शेतातच राहणारा प्राणी आहे हे दाखवून दिले. दिवसा वीज ही शेतकऱ्यांची फार जुनी मागणी आहे, आणि २०१७ मध्ये कृषिवाहिन्या सौरऊर्जेवर चालवण्याची राज्याची योजना आली तेव्हा तिच्या सुरुवातीच्या प्रकल्पांसाठी पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीची निवड झाली. ज्या वाहिन्यांवर अशी वीज पोचली तिथे भरणे दिवसाउजेडी होते. इतर ठिकाणी कंदिलाजवळ अभ्यास केलेली ही पिढी साठीच्या उंबरठ्यावरही रात्रीच्या पाळीला बॅटरी आणि काठी घेऊन शेतात जाते, कारण शिकलेली मुले पुण्याला नोकरीला गेली आहेत आणि कांद्याला पाणी देणारे दुसरे कोणी घरात उरलेले नाही.