भाच्यावरचा आळ

शिकागोच्या उपनगरात आमच्या बेसमेंटमध्ये एक पिनबॉल मशीन आहे. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो: काचेखाली उतरती फळी, तिच्यावर धावणारा पोलादी बॉल आणि तो खाली निसटू नये म्हणून बटण दाबताच उसळणारे दोन फ्लिपर. वजन सव्वाशे किलोच्या आसपास. नव्वदच्या दशकातले हे मशीन बिघडलेले म्हणून आम्हा दोघांना स्वस्तात मिळाले. दापोलीला बातमी गेली तेव्हा फोनवर अब्बांचा पहिला प्रश्न, "अरे, हा जुगार तर नव्हे?"

प्रश्न गैर नव्हता. न्यूयॉर्कने १९४२ साली याच संशयाने पिनबॉलवर बंदी घातली, ती उठली १९७६ मध्ये. ज्या शिकागोत ही मशिने बनत, तिथेही वर्षानुवर्षे बंदी होती. फ्लिपर आले १९४७ मध्ये. त्याआधी बॉल एकदा सुटला की खेळणाऱ्याच्या हाती फारसे काही नसे. आमच्या मशीनला नाणेसुद्धा लागत नाही हे ऐकल्यावर अब्बा म्हणाले, "मग ठीक. पण विजेला जपा."

तेवढे आम्ही जपतो. हात घालण्याआधी प्लग काढतो आणि थोडा वेळ थांबतो, कारण कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. स्विचच्या तारांत १२ व्होल्टच असतात. पण बॉल उडवणाऱ्या कॉइलला पन्नासहून जास्त व्होल्ट लागतात.

रमजानच्या आधी मशीन बॉल मोजायला चुकू लागले. खाली गेलेले बॉल एका पन्हळीत रांगेने बसतात आणि प्रत्येकाखाली एक स्विच असतो. पहिल्या स्विचची तार तुटली होती. आम्ही सोल्डरने डाग दिला, मशीन चालू झाले आणि आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला आमची कारागिरी ऐकून घ्यावी लागली.

ईदला आपा मुलांना घेऊन आली. तिचा मोठा, बारा वर्षांचा आमचा भाचा, मशीनला चिकटला. वर उजवीकडे रॅम्पच्या मागे एक खळगा आहे. तिथे बॉल नेणे आम्हाला क्वचितच जमते. हा पोरगा पुन्हा पुन्हा नेऊ लागला. मध्येच हाताने मशीनला धक्काही देई, जसा सगळेच देतात. थोड्या वेळाने आमच्या लक्षात आले की बॉल खळग्यात बसलेला असताना डावीकडचे टार्गेट आपोआप वाजते आहे. बॉल तिकडे फिरकलाही नव्हता.

"आपटून आपटून बिघडवलंस ना?" आम्ही सगळ्यांसमोर म्हणालो. तो म्हणाला, "मामू, मी नाही केलं." आम्ही मशीन बंद केले. तो जेवायलाही नीट बसला नाही. पुढच्या महिन्यात आपा आली तेव्हा तो घरीच राहिला. अभ्यास आहे म्हणे.

दुरुस्ती आम्ही अर्थातच टार्गेटपासून सुरू केली. पात्यांच्या मधून जाड व्हिजिटिंग कार्ड ओढून ती साफ केली (या टोकांना कानस किंवा पॉलिश पेपर लावू नये, वरचा सोन्याचा मुलामा जातो). मधले अंतर वाढवले. फरक नाही. शेवटी दोन पात्यांमध्ये कागदच सरकवून ठेवला, मशीन टेस्टवर टाकले आणि हाताने खळग्यात बॉल ठेवला. मशीन म्हणाले, टार्गेट लागले! मध्ये कागद असताना?

तेव्हा कुठे तारांचा नकाशा नीट पाहिला. साठ-चौसष्ट स्विचना वेगवेगळ्या तारा नसतात. आठ उभ्या आणि आठ आडव्या तारांची जाळी असते. मशीन एकेका उभ्या तारेला विचारते, तुझ्यावर कोण कोण हजर आहे? आडव्या तारांवरून उत्तर येते. उत्तर भलत्या वाटेने फिरू नये म्हणून प्रत्येक स्विचला एक डायोड असतो, म्हणजे एकेरी वाहतुकीचा रस्ता. एक डायोड निकामी झाला आणि जाळीतल्या चौकोनाचे तीन कोपरे एकदम दबले, तर वीज उलटी वळून चौथ्या, रिकाम्या कोपऱ्याची हजेरी लावते. दोषी डायोड असतो त्याच्या बरोबर समोरच्या, तिरक्या कोपऱ्यात.

आमचा चौथा कोपरा म्हणजे टार्गेट. बाकीचे तीन: खळगा आणि पन्हळीतले दोन स्विच. आम्ही पन्हळीतला पहिला बॉल उचलला. टार्गेट गप्प. परत ठेवला. वाजले.

प्लग काढून फळी उचलली. पहिल्या स्विचवर सोल्डरचा एक गोळा डायोडच्या दोन्ही पायांना टेकला होता. तो डाग आमचाच होता. म्हणजे ईदच्या कितीतरी आधीपासून बिघाड होता. आमचा बॉल चुकून कधी खळग्यात गेलाच, तर गुण वाढले म्हणून आम्ही खूशच झालो असू.

गोळा काढायला पाच मिनिटे लागली. फोन उचलायला मगरिबपर्यंत वेळ गेला. आपाला सांगून भाच्याला बोलावले आणि स्पीकरवर दोघांनी मिळून सांगितले, चूक आमची होती, तुझी नव्हती, आणि सगळ्यांसमोर बोललो तेही चुकले. आपाला शेजारीच उभी राहून हे ऐकायला सांगितले होते.

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग त्याने विचारले, "मामू, माझा त्या दिवशीचा स्कोअर अजून आहे का?"

आहे, म्हणालो. वरून दुसरा. पण त्यात टार्गेटचे फुकटचे गुण आहेत.

"ते वजा करा. मी शनिवारी येतो."