एमएच १५ घेऊन बंगळूरला

नाशिकहून बदली बंगळूरला झाली. घरसामानाचा प्रश्न एका दुपारीच मिटला, गाडीचा मात्र लोंबकळत राहिला. अप्पांचं मत ठाम होतं. "एवढ्या लांब गाडी हाकत न्यायची काय गरज? ट्रेलरवर चढव आणि तू विमानाने जा."

म्हणून आधी अंबडला जाऊन ट्रेलर भरताना पाहिला. लोखंडी उतारावरून एक माणूस मोटार अगदी सावकाश वर नेत होता, दुसरा खाली वाकून पुढचा बंपर उताराला घासतो का ते बघत होता. गाडी जागेवर आली की गिअरमध्ये टाकायची, हँडब्रेक ओढायचा, चाकांमागे लाकडी ठोकळे ठोकायचे आणि टायरवरून पट्टे घेऊन ते कचकचून आवळायचे. सातपूरच्या महिंद्राच्या कारखान्यातून नव्या गाड्या अशाच देशभर जातात. त्यामुळे या कामाचा हात नाशिकमध्ये अनेकांना आहे. तिथल्या सुपरवायझरने सांगितलेल्या गोष्टी उपयोगाच्या होत्या. गाडी देताना चारी बाजूंनी फोटो काढायचे, किलोमीटरचा आकडा पावतीवर लिहून घ्यायचा, टाकीत पेट्रोल जेमतेम ठेवायचं आणि फास्टॅग काढून घ्यायचा, नाहीतर ट्रेलरवर बसलेल्या गाडीचाही टोल कापला जाऊ शकतो. आणि गाडीत सामान ठेवायचं नाही.

या शेवटच्या अटीवर माझं मन फिरलं. आईचा देव्हारा, तिच्या हातची तुळस आणि काचेच्या बरण्या मला ट्रकच्या भरवशावर सोडायच्या नव्हत्या.

पैशांचा हिशोबही गाडी स्वतः चालवत नेण्याच्या बाजूला झुकला. नाशिक ते बंगळूर साधारण साडेदहाशे किलोमीटर. लिटरला सोळा धरले तर पासष्ट-सहासष्ट लिटर पेट्रोल, वर टोल आणि एका रात्रीचा मुक्काम. ट्रेलरचा दर याहून बराच जास्त होता आणि विमानाचं तिकीट वेगळं. विम्याचं मात्र अनेकांना ठाऊक नसतं. मोटारीच्या पॅकेज पॉलिसीत गाडी रस्त्याने किंवा रेल्वेने वाहून नेली जात असतानाचं नुकसानही धरलेलं असतं. तेव्हा कोणी वेगळा विमा गळ्यात मारू लागला, तर आधी आपली पॉलिसी वाचावी.

रेल्वेचा विचारही केला. दुचाकी टाकी रिकामी करून, गोणपाटात गुंडाळून पार्सलने जाते. घरच्या मोटारीला तितकी सरळ सोय नाही. कोकण रेल्वेने ट्रकांसाठी १९९९ पासून चालवलेली रो-रो सेवा २०२५ च्या गणपतीत कोलाड ते वेर्णा मोटारींसाठीही सुरू केली, गाडीमागे ७,८७५ रुपये घेऊन. मोटार मालगाडीवर आणि माणसं त्याच गाडीच्या डब्यात. अशी सोय नाशिकरोडहून दक्षिणेकडे व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

माझं मत असं झालं, की एका मुक्कामात संपणारं अंतर स्वतः चालवावं. गुवाहाटी किंवा कोलकाता असतं, तर मी मुकाट्याने ट्रेलर ठरवला असता. अप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग मी येतो बरोबर."

निघण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत ना-हरकत दाखल्यासाठी फॉर्म २८ भरला. चेसिस नंबरवर पेन्सिल घासून, त्यावर सेलोटेप दाबून तो अलगद उचलायचा आणि अर्जावर चिकटवायचा. ते काम अप्पांनी स्वतः केलं, एकेक अंक नीट उमटेपर्यंत.

पहाटे सिन्नर मागे पडलं. संगमनेरला प्रवरा ओलांडली, चंदनापुरीचा घाट चढलो आणि नारायणगावात तमाशांच्या राहुट्यांसमोर चहा घेतला. चाकणची कोंडी आणि पुणे यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, तिथे फक्त वेळ जातो.

खंबाटकीला मात्र रंगत आली. साताऱ्याकडून येणाऱ्यांना बोगदा होता, जाणाऱ्यांना तेव्हा घाट चढावा लागत होता. पुढे कोऱ्या बोलेरो लादलेला ट्रेलर पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढत होता. प्रत्येक वळणावर वरच्या मजल्यावरच्या गाड्या एका अंगाला कलत आणि पुन्हा सरळ होत. अप्पा काचेतून टक लावून बघत होते. "पट्टे बरोबर आवळलेत," ते म्हणाले. त्या चालकाचा अंदाज विलक्षण होता. वळण दिसायच्या आधीच तो बाहेरची बाजू धरायचा.

कोल्हापूरला मुक्काम केला. रात्री गाडी चालवायची नाही, हे आधीच ठरलं होतं.

सकाळी निपाणी ओलांडली तरी पाट्यांवरची मराठी संपली नाही. बेळगावपर्यंत चहावाल्याशी, पंक्चरवाल्याशी आपलीच भाषा. कित्तूर गेलं, धारवाडला पेढे घेतले. हुबळी-धारवाडचा वळणरस्ता वर्षानुवर्षे दुपदरी राहिलेला आणि अपघातांसाठी बदनाम. तिथे रुंदीकरण चालू होतं, म्हणून वेग अगदी कमी ठेवला. हरिहरला तुंगभद्रा आली तेव्हा अप्पांनी गाडी थांबवायला लावली. "छप्पन्न सालापर्यंत आपलं मुंबई राज्य इथवर होतं. पलीकडे म्हैसूर." विमानातून ही नदी ओळखूही आली नसती. दावणगेऱ्याला बेण्णे डोसा खाल्ला, वर लोण्याचा गोळा. चित्रदुर्गाच्या डोंगरांवर पवनचक्क्या फिरत होत्या.

तुमकूरनंतर रहदारी दाटली आणि नेलमंगलापासून पुढे गाडी मुंगीच्या पावलांनी सरकली. पोचलो तेव्हा तुळशीची दोन पानंसुद्धा गळली नव्हती.

दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवायची, तर नोंदणी बदलावी लागते. इथला आजीवन कर गाडीच्या वयानुसार भरायचा आणि नाशिकला भरलेल्या करातला उरलेला भाग परत मागायचा. अप्पा कर्नाटक एक्स्प्रेसने मनमाडपर्यंत जाणार होते. बॅग भरता भरता म्हणाले, "नवा नंबर मिळाला की आरसीची आणि पावतीची प्रत पाठव. परताव्याचा अर्ज मी पेठ रोडला जाऊन देतो."