कोपऱ्यातला हात

आमच्या घरी नवे पाहुणे आले की पुस्तकांच्या कपाटापाशी थबकतात. वरच्या दोन कप्प्यांत आईच्या कादंबऱ्या आणि जुने दिवाळी अंक. खालच्या तीन कप्प्यांत मात्र सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन गाड्यांची पुस्तकं. त्याही कारखान्यातून आल्या तशा गाड्या नव्हेत, तर लोकांनी कापून, जोडून, झाळून आपल्या मनासारख्या करून घेतलेल्या. त्यांना 'कस्टम' गाड्या म्हणतात. पाहुणे एखादं पुस्तक चाळतात आणि हमखास विचारतात, "मग तुमच्याकडे गाडी कोणती?"

"दहा वर्षांची वॅगन आर," मी सांगतो. पत्नी आतून हसते.

हा छंद मला लागला तो हैदराबादच्या आबिड्सच्या फुटपाथवर. इथल्या वाचकांना आबिड्सचा रविवार सांगायला नको. दुकानांची शटरं खाली असतात आणि त्यांच्यासमोर जुन्या पुस्तकांचे ढीग लागलेले असतात. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. अभ्यासाचं पुस्तक शोधायला गेलो आणि मुखपृष्ठ फाटलेलं एक मोठं, गुळगुळीत कागदाचं पुस्तक घेऊन आलो. जॉर्ज बॅरिस या कारागिराच्या पन्नासच्या दशकातल्या गाड्यांचं ते पुस्तक होतं. दीडशे रुपये मागितले, नव्वदला तुटलं. चित्रं बघण्यापलीकडे माझा काही हेतू नव्हता.

बाबा डेंटर होते. मूळचे नांदेडकडचे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हापासून आमच्याकडची माणसं पोटासाठी हैदराबादला येत, तसे तेही पोरवयात आले आणि राणीगंजजवळच्या एका गॅरेजात एका उस्तादांच्या हाताखाली लागले. पुढे स्वतःची लहानशी शेड टाकली. अँबेसिडर आणि फियाट यांचे चेपलेले मडगार्ड, वाकलेले दरवाजे, गंजून भोकं पडलेला तळ, हे त्यांचं जग. उस्तादांचं एक वाक्य ते नेहमी सांगत: "पत्रे को मारो नक्को, मनाओ." हैदराबादी बोलीतला तो 'नक्को' आपलाच, हे त्यांना फार आवडायचं.

मला मात्र त्या शेडची लाज वाटायची. आज ते लिहायला जड जातं, पण खरं आहे. कॉलेजच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'ऑटोमोबाइल व्यवसाय' असं भरलं होतं. मित्र घरी यायचे तेव्हा बाबांनी हात धुऊनच बाहेरच्या खोलीत यावं, असं मला वाटे. त्यांनाही ते कळत असणार. ते हात धुऊन येत.

त्या रविवारी संध्याकाळी मी पुस्तक उघडून बसलो होतो. बाबांनी ते सहज हातात घेतलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. चकचकीत रंगीत पानं त्यांनी भराभर उलटली आणि एका काळ्या-पांढऱ्या फोटोवर थांबले. रंग लागण्याआधीची, उघड्या पत्र्याची गाडी होती ती. बराच वेळ पाहून म्हणाले, "छप्पर खाली घेतलंय."

मी खालची ओळ वाचली. खरंच तसं लिहिलं होतं. याला 'चॉपिंग' म्हणतात. काचांच्या बाजूचे खांब मधून कापायचे, काही इंचांचा तुकडा काढायचा आणि छप्पर परत बसवायचं. गाडी एकदम बुटकी आणि लांबलचक दिसू लागते.

"यात काय मोठंसं?" मी विचारलं.

बाबांनी टेबलावरचा चहाचा कप उपडा केला. "हा वर निमुळता आहे ना? मधून दोन बोटं काप आणि वरचा भाग खाली ठेव. कडा जुळतील?" नसत्या जुळल्या. खांब आत झुकलेले असतात, त्यामुळे वरचा भाग खाली आला की तो लहान पडतो. मग छप्पर मधून कापून लांब करावं लागतं, नाहीतर खांब आणखी वाकवावे लागतात. काचा नव्यानं कापायच्या, दरवाज्याच्या चौकटी नव्यानं करायच्या. "आणि हे सगळं करून," बाबा म्हणाले, "कुणाला कळता कामा नये."

मी मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकत होतो. त्या कपाआधी मला हे सुचलं नव्हतं.

तिथून पुढे आमचा दोघांचा एक शिरस्ता पडला. मी मजकूर वाचायचा, बाबांनी फोटो वाचायचे. या कामात दोन घराणी आहेत हे मला पुस्तकांतून कळलं. 'हॉट रॉड' वेगासाठी: जुनी फोर्ड घ्यायची, अनावश्यक भाग काढून टाकायचे आणि इंजिनावर मेहनत घ्यायची. 1932 साली फोर्डनं सामान्य माणसाला परवडेल असं व्ही-8 इंजिन आणलं आणि कॅलिफोर्नियातल्या पोरांना खेळणं मिळालं. 'कस्टम' मात्र रूपासाठी: गाडी जमिनीलगत आणायची, बॉनेट-डिकीवरची चिन्हं आणि हँडलं काढून भोकं बुजवायची, दिवे पत्र्यात आत बसवायचे. आज 'पारंपरिक' म्हणतात ते याच जुन्या पद्धतीनं, त्या काळातले सुटे भाग वापरून केलेल्या कामाला.

त्या कामात पुट्टी नसे. सांधे भरायचे ते शिशानं. पत्रा घासून आधी कथलाचा हात द्यायचा, म्हणजे आपली कल्हईच. मग शिसं आणि कथील यांची कांडी तापवायची. साधारण सत्तर-तीस या प्रमाणात ते मिश्रण एकदम पाणी होत नाही; घट्ट लापशीसारखं राहतं. तेल किंवा मेण लावलेल्या लाकडी फळीनं ते पत्र्यावर पसरवायचं आणि गार झालं की कानशीनं घासून आकार द्यायचा. आच जास्त झाली तर ओघळतं, कमी पडली तर धरत नाही. हे वाचून दाखवलं तेव्हा बाबा खूश झाले. उस्तादांच्या तरुणपणी इथेही जुन्या मोटारींना असंच शिसं भरत, असं त्यांनी ऐकलं होतं. कॅलिफोर्निया आणि राणीगंज मध्येच कुठेतरी भेटले होते.

पुढे नोकरी लागली आणि पुस्तकं वाढत गेली. पॅट गनाल यांचं अमेरिकन कस्टम गाड्यांच्या इतिहासाचं पुस्तक. डॉन मॉन्टगोमेरी यांचं 1987 सालचं, चाळीसच्या दशकातल्या हॉट रॉडचं. त्यात ठेवणीतले साधे फोटो आहेत आणि त्यांच्यात स्टुडिओचा झगमगाट अजिबात नाही. अँडी सदर्ड यांनी स्वतः काढलेल्या रंगीत फोटोंचं. टॉम वुल्फ यांचा 1965 सालचा लेखसंग्रह, ज्यातल्या शीर्षक-लेखात एक मोठा पत्रकार या गाड्यांकडे कला म्हणून बघायला शिकतो. परदेशातून पुस्तक मागवलं की टपालखर्च पुस्तकाच्या किमतीला गाठतो. 2019 पासून आयात पुस्तकांवर सीमाशुल्कही लागलं, तेव्हा पत्नी म्हणाली, "कस्टमच्या पुस्तकांना कस्टम्स, बरोबरच आहे."

अशी गाडी स्वतः का करत नाही, असंही लोक विचारतात. ऐपतीचा प्रश्न आहेच. शिवाय आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलं. छप्पर कापलेली गाडी रस्त्यावर आणली तर ती थेट पोलीस ठाण्यात जाईल. माझ्यासाठी या गाड्या पुस्तकातच धावतात.

पण इतकी पुस्तकं जमल्यावर एक गोष्ट खटकायला लागली. जवळजवळ प्रत्येक पुस्तकात तेच नाव पुढे असतं: जॉर्ज बॅरिस. 1966 च्या दूरदर्शन मालिकेतली बॅटमॅनची गाडी करणारा म्हणून तुम्हीही त्याला ओळखत असाल. खरं तर बॅरिस दोन भाऊ होते. जॉर्ज आणि थोरला सॅम. पत्र्याचा जादूगार सॅम. 1949 ची कोरी मर्क्युरी घेऊन तिचं छप्पर कापणारा सॅम. जॉर्जही कारागीर होताच, पण त्याच्याकडे आणखी एक हत्यार होतं: कॅमेरा. तो काम चालू असताना फोटो काढायचा, लेख लिहायचा, मासिकांना पाठवायचा. 1957 मध्ये त्यांच्या दुकानाला आग लागून गाड्या जळाल्या, तरी छापलेले फोटो जगभर राहिले. सॅम 1967 मध्ये वारला. जॉर्ज 2015 पर्यंत जगला आणि मुलाखती देत राहिला.

त्यांच्याच काळात पूर्व लॉस एंजेलिसमध्ये गिल आणि अल आयाला हे मेक्सिकन वंशाचे भाऊ तोडीस तोड काम करत होते. मर्क्युरीचं छप्पर आधी कुणी कापलं, सॅमनं की त्यांनी, यावर जाणकार अजून भांडतात. पण आयालांचं नाव मला दहाव्या-बाराव्या पुस्तकानंतर भेटलं. सॅक्रामेंटोचे हॅरी वेस्टरगार्ड, ज्यांच्याकडे पाहून जॉर्ज शिकला, तेही असेच उशिरा भेटले.

याउलट 'हिरोहाटा मर्क' बघा. मसातो हिरोहाटा या जपानी वंशाच्या तरुणासाठी बॅरिसांनी 1952 मध्ये केलेली 1951 ची मर्क्युरी. छप्पर पुढून चार आणि मागून सात इंच खाली, मधला खांब काढलेला, दोन हिरव्या छटा. मासिकांतून तिचं नाव झालं. तरीही 1959 मध्ये ती एका शाळकरी वयाच्या मुलाला 500 डॉलरला मिळाली. त्यानं ती विकली नाही, मोडली नाही, जन्मभर सांभाळली. तिला पुन्हा मूळ रूपात आणताना जुने छापील फोटो हाताशी होते. 2022 मध्ये लिलावात तिला जवळपास वीस लाख डॉलर मिळाले. पाचशे डॉलरची जुनी गाडी आणि हा ठेवा यांच्यात चांगलं काम होतंच. पण ते काम कुणीतरी नोंदवून ठेवलं होतं, हेही होतं.

हे सगळं मी बाबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "आपलं काम दिसलं तर चुकलं. त्याचा फोटो काय काढणार?"

2014 मध्ये बाबा गेले. तेराव्याला ठेवायला फोटो शोधताना माझ्या लक्षात आलं, की लग्नातले, मुंजीतले, तिरुपतीचे फोटो आहेत, पण काम करतानाचा त्यांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. हजारो मैलांवरच्या अनोळखी कारागिरांच्या शेडचा कोपरान् कोपरा मला पाठ होता. कुणाच्या भिंतीवर कोणती हत्यारं टांगली होती तेही. आणि बाबांच्या शेडचा एक फोटो नाही! माझ्याकडे कॅमेऱ्याचा फोन कितीतरी वर्षं होता. तो घेऊन मी शेडवर गेलोच नव्हतो.

मग मी शोधत सुटलो. एका जुन्या गिऱ्हाइकाकडे एक फोटो सापडला. अपघातातून पुन्हा उभ्या केलेल्या फियाटला हार घातला आहे, शेजारी मालक सहकुटुंब उभे आहेत. डाव्या कोपऱ्यात, चौकटीत अर्धाच आलेला, मडगार्डवर टेकलेला एक हात आहे. मनगटावर भाजल्याचा पांढरा डाग. तो डाग मी ओळखतो. त्यांनी तो फोटो मला देऊन टाकला.

त्यानंतर उस्तादांच्या मुलाकडे काही रविवार जाऊन बसलो. तेही आता थकलेत. प्लास्टिकचे बंपर आणि अख्खा दरवाजाच बदलायची पद्धत आल्यावर हातोडी-डॉलीचं काम उरलं नाही, असं म्हणतात. त्यांनी सांगितलं ते मी एका दोनशेपानी वहीत उतरवलं: कोणत्या बाकाला कोणती डॉली, ताणलेला पत्रा गरम करून ओल्या फडक्यानं कसा आवळायचा, हाताच्या तळव्यानं उंचवटा कसा ओळखायचा. बाबा वापरत ते कितीतरी शब्द त्यांनाही आठवले नाहीत. वही अर्धी कोरी आहे.

मुलीला मागच्या वर्षी शाळेत 'माझे आजोबा' यावर लिहायचं होतं. "आजोबा काय करायचे?" तिनं विचारलं. "डेंटर होते," मी म्हणालो. आणि चहाचा कप टेबलावर उपडा ठेवला.

तुमच्या घरात कुणी हातानं काम करणारं असेल, मग ते लोणचं घालणारी आजी असो की तबल्याला शाई भरणारे काका, तर या सुट्टीत फोन घेऊन त्यांच्याशेजारी बसा. चेहऱ्याचे फोटो खूप होतात. हातांचे काढा.