हर्णैच्या वाळूवरचे पाहुणे

फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही मुलांना घेऊन दापोली तालुक्यातील हर्णैला गेलो. फजरनंतर किनाऱ्यावर पोहोचलो, तेव्हा समुद्रात सुवर्णदुर्ग उभा होता आणि ओल्या वाळूवर शेकडो कुरव वाऱ्याकडे तोंड करून बसले होते.

त्या गर्दीत तीन-चार पक्षी फारच थोराड दिसले. काळेभोर डोके, डोळ्याच्या वर-खाली पांढरी कोर, पिवळे पाय आणि जाड पिवळ्या चोचीच्या टोकाशी काळा-लाल रंग. हा पल्लासचा कुरव. पीटर सायमन पल्लास या जर्मन निसर्गसंशोधकाने १७७३ मध्ये त्याचे वर्णन केले. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत दीड मीटरहून अधिक भरतात. शेजारचे तपकिरी डोक्याचे कुरव बरेच लहान, चोच व पाय लाल. गडद राखाडी पाठीचा ह्यूग्लिनचा कुरवही मोठा असतो, पण त्याचे डोके कधीच काळे होत नाही.

"डिसेंबरात आलो तेव्हा असे काळ्या डोक्याचे नव्हते ना?" धाकटीने विचारले. होते, पण तेव्हा डोके पांढरे आणि डोळ्यामागे फक्त मळकट छटा. विणीचा काळ जवळ आला की डोके काळे होते. मग ते कॅस्पियन समुद्र, कझाकस्तान, मंगोलियाकडे परततात आणि तिथल्या बेटांवर वसाहतीने अंडी घालतात. यांचे काही भाऊबंद हिवाळा आखाती किनाऱ्यांवर काढतात, जिथे कोकणातल्या कितीतरी घरांची माणसेही रोजीसाठी असतात.

सवाब मिळेल म्हणून आम्ही फरसाणाची पिशवी आणली होती. मुलाने मूठ भरली, तोच जाळे दुरुस्त करणारे एक चाचा म्हणाले, "बेटा, नको. तळलेलं, खारट त्यांचं खाणं नाही. त्यांचं रिझ्क अल्लाहनं समुद्रात ठेवलंय."

आम्ही वरमलो. इतक्यात एका थोराड कुरवाने लहान कुरवाचा पाठलाग करून त्याच्या चोचीतला मासा पळवला. मुले हसली. चाचाही हसले, "बघा, त्याला कुणी शिकवायला लागतं का?"

सूरह मुल्कमध्ये उडणाऱ्या पक्ष्यांकडे पाहण्यास सांगितले आहे. त्या सकाळी आम्ही तेवढेच केले. फरसाणाची पिशवी तशीच घरी परत आली.